लामेकनं लावलेली गाणी

म्विझा कुम्वेंडा सरोवराकाठच्या न्खाटा बेला उतरली ती तीन आठवडे राहायच्या तयारीनं. राजधानी लिलाँग्वेत ती ज्या कंपनीत नोकरीला होती, ती कंपनी मोबाईलवर गाणी ऐकवणारं ॲप काढत होती. महागड्या फोनांसाठी तसली ॲपं ढिगानं होती. यांना हवं होतं ते काच तडकलेल्या, जागा भरत आलेल्या, स्वस्तातल्या फोनवर चालणारं, गावोगावच्या माणसांसाठी. ते दिसावं कसं, उघडल्याबरोबर समोर काय यावं, हे ठरवायचं काम म्विझाचं. ऑफिसात बसून ते ठरणार नाही असं ती वर्षभर सांगत होती, तेव्हा कुठे साहेबांनी तिला उत्तरेकडे पाठवलं.

पहिले चार दिवस वाया गेले. ती मासळीबाजारात बसली, होड्या लागतात तिथे बसली, चर्चच्या दारात उभी राहिली. लोक आदबीनं बोलत. कोणती गाणी आवडतात म्हटलं की सांगत, चांगली. कशी निवडता म्हटलं की हसत. शेवटी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका कोळ्याला तिची दया आली. तो म्हणाला, आम्ही कुठे निवडतो बाई, आम्ही लामेकला कार्ड देतो.

लामेक म्फांडेचा सगळा कारभार एका बंद पडलेल्या रंगाच्या दुकानाच्या ओट्यावर चाले. एक टेबल, एक स्टूल, एक जुना कॉम्प्युटर, दोन मोठे स्पीकर आणि 'बर्निंग सेंटर', म्हणजे गाणी भरून देण्याचं ठिकाण, अशी हातानं रंगवलेली पाटी. लोक येत, फोनमधलं नखाएवढं मेमरी कार्ड काढून देत, आणि तो त्यात गाणी भरून देई. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक. आधी वीस वर्षं सरोवरावरच्या बोटीवर तिकिटं फाडायचा. तिथेच म्हणे त्याला चेहरा बघून माणूस कुठे निघालाय ते ओळखायची सवय लागली.

म्विझानं आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यानं आडनाव ऐकून घेतलं आणि तिला 'न्याकुम्वेंडा' म्हणायला लागला. उत्तरेत बाईला तिच्या माहेरच्या कुळावरून हाक मारायची, तीच अदब. राजधानीत तिला तसं कुणी म्हणत नसे. ती त्याला 'बाम्बो' म्हणू लागली, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं.

ती तिथे बसली असतानाच न्यालोंगवे आली. उन्हात उसिपा ही बारीक मासळी वाळवून विकणारी, साठीची, डोक्यावर रिकामी टोपली. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. लामेकनं कोणतं गाणं हवं ते विचारलंच नाही.

"कुठे निघालात?"

"कारोंगाला. लेक बाळंत झालीय."

"पहिलंच?"

"तिसरं. आणि जावई जोनीला."

लामेकनं मान हलवली, दहा मिनिटं खटखट केलं आणि कार्ड परत दिलं. ती गेल्यावर म्विझानं विचारलं, काय भरलंत? तो म्हणाला, बसमधल्या वाटेची सहा, नवरा जोनीला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत कामाला गेला की बायका ऐकतात ती चार लेकीसाठी, आणि बाकीची बाळाला झोपवताना आजीलाच झोप लागू नये म्हणून.

त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवला. गायकांची नावं नव्हती, गाण्याचे प्रकार नव्हते. फोल्डरांची नावं होती: 'होडीत'. 'कसावा सोलताना'. 'नवरा जोनीला'. 'दुःख सरल्यावर'. 'चर्चनंतरची दुपार'. एक होतं 'शेजारणीला ऐकू जावं म्हणून'. म्विझा ते वाचून इतकी हसली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. लामेक मात्र गंभीर होता. म्हणाला, सगळ्यात जास्त खप त्याचाच आहे.

त्यानंतर दहा दिवस ती त्या ओट्यावरून हलली नाही. वहीत चित्रं काढायची, त्याला दाखवायची, तो नाक मुरडायचा की खोडायची. ह्या चित्राचा अर्थ न्यालोंगवेला कळणार नाही, तो म्हणायचा. हे बटण ओल्या बोटानं दाबता येणार नाही. आणि इथं बोटं ओलीच असतात. एकदा त्यानं तिला बसवून समजावलं.

"हे बघ पोरी, लोकांना गाण्यापेक्षा भीती कशाची असते? नेटचा पॅक संपायची. तुझं ॲप पॅक खाणारच. पण न सांगता खाल्लं तर ते चोर. आधी सांग, एवढा जाणार. मग वाजव. माणूस स्वतः हो म्हणाला की त्याला गाणंही गोड लागतं."

तिनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. रविवारी तो तिला डोंगराच्या कुशीतल्या एका गावी घेऊन गेला. तिथे मालिपेंगा होतं, दुधी भोपळ्याचे कर्णे तोंडाला लावून पुरुष रांगेत नाचत होते आणि कडेला बायका आपली गाणी म्हणत होत्या. लामेकनं फोन काढून सगळं टिपून घेतलं. वर्षानुवर्षं तो हेच करत आला होता. कॉम्प्युटरवर 'आपलं' नावाच्या फोल्डरात अशी दोनशेच्या वर गाणी होती, काही गाणारी माणसं आता हयातही नव्हती. म्विझानं त्यातली काही दोन-दोनदा ऐकली. कार्डात भरून देऊ का, त्यानं विचारलं. कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरचं कार्ड लावायची परवानगी नव्हती. ती म्हणाली, राहू दे, ॲप आलं की ही सगळी तिथेच चढवू.

त्यानं तिच्याकडे कधी काही मागितलं नाही. विषय काढला तो तिनंच, निघायच्या आदल्या दिवशी. ज्यांच्याकडे नेट नाही ती माणसं तुमच्याकडेच येतील, ती म्हणाली. ॲपमधली गाणी तुम्ही कार्डात भरून द्यायची, अगदी कायदेशीर. गाणाऱ्याला त्याचं मिळेल, तुम्हाला तुमचं. गाणी फुकट लुटता असं कुणी म्हणणारच नाही.

लामेकनं स्पीकरचा आवाज कमी केला.

"हे तू म्हणतेस की कंपनी म्हणते?"

"मी म्हणते. कंपनीला म्हणायला लावीन."

अहवालासाठी तिला त्याचा फोटो हवा होता. तो म्हणाला, थांब, आणि घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला. पाटीखाली उभा राहिला आणि हसला.

लिलाँग्वेला परतण्याआधी उरलेल्या दिवसांत तिनं म्झुझू, रुम्फी आणि कारोंगातली अशीच आणखी दहा ठिकाणं पाहिली. अहवालाच्या शेवटी अकरा ठिकाणांचा नकाशा जोडला: नाव, पत्ता, फोटो, रोजची गिऱ्हाइकं किती. काम चोख करायची तिची सवयच होती.

लिलाँग्वेतल्या बैठकीत टाळ्या पडल्या. तिचे साहेब ओचोला मूळचे केनियाचे. कौतुकाला तसे कंजूष. ते उठून पडद्याजवळ गेले आणि 'शेजारणीला ऐकू जावं म्हणून' ही ओळ त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचली. आमच्या आईला हे आवडलं असतं, म्हणाले. ॲप उघडल्यावरचा पहिला पडदा, लामेकच्या फोल्डरांच्या नावांचा, जसाच्या तसा मंजूर झाला. पॅक किती जाणार ते आधी सांगायचं, तेही मंजूर. लामेकनं टिपलेली बायकांची गाणी ॲपवर चढवायचं निघालं तेव्हा कंपनीच्या वकिलीणबाईंनी विचारलं, हक्काचे कागद कुणाच्या सहीचे? ते राहिलं. मग ओट्यांवरून कार्डात गाणी भरून द्यायची गोष्ट निघाली आणि सगळे कागद चाळायला लागले. दुसऱ्या टप्प्यात बघू, असं ठरलं.

बैठकीनंतर म्विझा ओचोलांच्या खोलीत गेली. मी शब्द दिलाय, ती म्हणाली.

"कुणाला? त्याच्या कॉम्प्युटरवर सहा हजार गाणी आहेत आणि एकाचाही कागद नाही. माणूस गोड आहे, मला दिसतंय. पण गाण्यांचे मालक आपल्याशी करार करतायत ते असल्या ओट्यांना कंटाळून. त्यांच्यासमोर मी याचं नाव आपला भागीदार म्हणून ठेवू?"

"मग पहिला पडदा त्याचा कसा चालतो?"

"तो पडदा तू काढलास, म्विझा," ओचोला म्हणाले. ते चिडून बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिनं लामेकला फोन करून सांगितलं की जरा उशीर होईल. तो म्हणाला, हरकत नाही, मी पाटी रंगवून घेतलीय. ॲपचा रंग तिनंच त्याला दाखवला होता, पिकल्या पपईसारखा. तो रंग मिळवायला तो म्झुझूपर्यंत जाऊन आला होता. तिला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तिनं पाटी छान दिसत असेल असं म्हटलं आणि फोन ठेवला.

ॲप बाजारात यायला दोन आठवडे असताना एका मंगळवारी सकाळी लामेकचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू.

"न्याकुम्वेंडा, माणसं येऊन गेली. गाण्यांच्या हक्काच्या ऑफिसातली दोन आणि दोन पोलीस. कॉम्प्युटर नेला. स्पीकरही नेले."

ती ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिली.

"एकाच्या हातात कागद होता. त्यावर माझा फोटो होता. इस्त्रीच्या शर्टातला."

मग तो म्हणाला, मला वाटलं तुला माहीत असावं, आणि फोन बंद झाला. पैसे संपले की त्यानंच ठेवला, ते तिला कळलं नाही.

दुपारपर्यंत तिनं बाकीच्या दहाही ठिकाणी फोन लावले. आठ जणांकडे छापे पडले होते, तिच्या यादीत जो क्रम होता त्याच क्रमानं. ती यादी घेऊन ओचोलांकडे गेली. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन फिरवले, विचारपूस केली, आणि तासाभरानं सांगितलं की कराराच्या वेळी मालकांनी बाजारपेठेची माहिती मागितली होती, तेव्हा कुणीतरी अहवाल पुरवण्यांसकट पाठवून दिला. तिथून तो हक्काच्या ऑफिसात गेला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. कुणाचं नाव घ्यावं तर सापडेना, आणि शेवटी पहिल्या पानावर नाव होतं ते तिचंच.

तिनं कंपनीच्या कागदावर एक पत्र मागितलं: हा माणूस आम्हाला संशोधनात मदत करत होता, एवढंच. वकिलीणबाईंनी नकार दिला. मग तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं आणि रजा टाकून म्झुझूला गेली.

हक्काच्या ऑफिसातली अधिकारी चाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची बाई होती, न्यासिलुंग्वे. तिनं पत्र शांतपणे वाचलं.

"तुम्ही त्याच्या कोण?"

"कुणी नाही. मी ॲप बनवते. तो चांगला माणूस आहे."

"असेल," न्यासिलुंग्वे म्हणाली. "माझा भाऊ गायचा. असल्याच ओट्यांवर त्याची गाणी वर्षानुवर्षं वाजली. लग्नांत वाजली, बसमध्ये वाजली. तो आजारी पडला तेव्हा औषधाला आम्ही चर्चमध्ये टोपली फिरवली. ते ओटेवाले सगळे चांगलेच होते. आले होते मातीला."

निदान 'आपलं' नावाचा फोल्डर तरी बाजूला ठेवा, म्विझा म्हणाली; ती गाणी त्यानं स्वतः गावागावांतून टिपलीत, ती कुणाच्या मालकीची नाहीत. न्यासिलुंग्वेनं ते एका कागदावर लिहून घेतलं, खाली शिक्का मारला आणि तो कागद जाडजूड फाईलमध्ये ठेवला. फाईल कपाटात गेली. म्विझाला तेवढं दिसलं.

कोर्टाची तारीख दोनदा पुढे गेली. तिसऱ्या वेळी लामेकनं गुन्हा कबूल केला, दंड झाला, तो त्याच्या मेहुण्यानं भरला. कॉम्प्युटर परत मिळाला. त्यानं तो घरी नेऊन लावला तर आत काहीच नव्हतं. परत देण्याआधी साफ करायचा नियम होता. तो शिक्क्याचा कागद कुणी वाचला की नाही हे म्विझानं तीनदा फोन करून विचारलं. तिसऱ्यांदा एका कारकुनानं सांगितलं की ज्यानं साफ केलं त्याची बदली झालीय.

दरम्यान ॲप बाजारात आलं आणि चाललं. पहिल्या महिन्यात अपेक्षेच्या दुप्पट लोकांनी घेतलं. पगारवाढ झाली. ओचोलांनी तिला नैरोबीच्या सभेत बोलायला पाठवलं, आणि फोल्डरांच्या नावांवर तिथेही लोक हसले. कुणी विचारलं, ही कल्पना सुचली कशी? तिनं लामेकचं नाव घेतलं. समोरच्यांनी मान डोलावली. त्यातल्या एकानंही ते नाव लिहून घेतलं नाही.

तिनं नोकरी सोडली नाही. सोडायचा विचार तिनं केला होता, दोन-तीन वेळा अर्जही लिहिला होता. पण आपण सोडल्यानं त्या ओट्यावर काय परत येणार, या प्रश्नापाशी अर्ज अडायचा. शिवाय धाकट्या बहिणीचं कॉलेज तिच्याच पगारावर चालू होतं.

ऑगस्टात ती न्खाटा बेला गेली. येते म्हणून कळवलं नव्हतं. लामेक त्याच ओट्यावर होता. टेबलावर आता फोनची कव्हरं आणि वायरी मांडल्या होत्या, आणि एका फळीवर दहा-बारा फोन चार्ज होत होते. पपईच्या रंगाची पाटी त्यानं उलटी करून त्याच फळीला टेकू म्हणून लावली होती. त्याची बायको न्याम्सुक्वा शेजारी बसली होती. तिनं पाहुणीसमोर पाणी ठेवलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

लामेकनं मात्र तिला पाहून स्टूल पुढे केलं. प्रवास कसा झाला, आई कशी आहे, सगळं विचारलं. म्विझा जे बोलायचं ठरवून आली होती ते तिनं बोलून टाकलं: यादी तिची होती, फोटो तिनं काढला होता, शब्द तिचा होता. तो ऐकत राहिला आणि मधूनच एका गिऱ्हाइकाचा फोन काढून दिला.

"म्हणतात माझ्या नवऱ्याचा फोटो चांगला आला होता," न्याम्सुक्वा म्हणाली. "सरकारकडे आहे, तुझ्या कंपनीकडे आहे. आमच्याकडे नाही."

म्विझानं फोनमध्ये शोधला. कंपनीचा फोन होता, जुने फोटो कंपनीच्या साठ्यात गेले होते. पाठवते, ती म्हणाली. न्याम्सुक्वा उठून घराकडे गेली.

तेवढ्यात न्यालोंगवे आली. आता तिच्याकडे काचेचा फोन होता, लेकीनं जुना दिलेला, आणि त्यात ॲपही कुणीतरी टाकून दिलं होतं. पण ते उघडायला नंबर लागतो, आकडे आठवावे लागतात, म्हणून ती फोन लामेककडेच आणायची. त्यानं ॲप सहज उघडलं. कुठे काय आहे हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"आज काय लावू?"

"आमचं," न्यालोंगवे म्हणाली. "डोंगरावरच्या बायकांचं. माझी थोरली बहीण पुढे म्हणते ते."

लामेकनं म्विझाकडे पाहिलं नाही. तिनंच फोन मागून घेतला, आणि गाव लिहिलं, मालिपेंगा लिहिलं, बहिणीचं नाव लिहिलं. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच आलं: असं गाणं सापडलं नाही. ते वाक्यही तिचंच होतं. रूक्ष वाटू नये म्हणून तिनं त्यावर दोन दिवस घालवले होते.

"बहिणीला सांगून पुन्हा म्हणून घेता येईल?" तिनं विचारलं.

"ती गेली की फेब्रुवारीत," न्यालोंगवे म्हणाली, जणू हे सगळ्यांना ठाऊकच असणार.

मग लामेकनं फोन परत घेतला, 'दुःख सरल्यावर' उघडलं आणि ओळीनं गाणी बघायला लागला. तिसऱ्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"हे लग्नातलं आहे. इथं कसं आलं? काढ ते. घरातलं कुणी गेल्यावर माणूस चाळीस दिवसांनी पहिल्यांदा गाणं लावतो, आणि त्याला हे ऐकवायचं?"

"क्रम आता मी लावत नाही, बाम्बो. लोक जे जास्त ऐकतात ते मशीन वर आणतं."

"मशीनला कुणी सांगायचं?"

"नैरोबीत एक विभाग आहे. मी लिहीन त्यांना." आणि मग, तो अजून तिच्याकडेच बघत होता म्हणून, "ऐकतील असं नाही."

"बरं," लामेक म्हणाला. त्यानं चौथ्या गाण्यापासून सुरू करून फोन न्यालोंगवेच्या हातात दिला. टोपलीतली मासळी तापत होती. ती गाणं चालू ठेवूनच उतारावरून निघाली.

म्झुझूची मिनीबस भरायला दीड तास लागला. तेवढा वेळ म्विझा ओट्यावरच्या स्टुलावर बसून होती आणि लामेक उभा होता, कारण स्टूल एकच होतं. ती दोनदा उठली. दोन्ही वेळा त्यानं तिला बसायला लावलं.